कोर्ट उठेपर्यंत

फाटकावरच्या महिला पोलिसाने आप्पाजींच्या पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली. चष्म्याची डबी. रक्तदाबाच्या गोळ्या. उपरण्यात गुंडाळलेली चिपळ्यांची जोडी. तिने एक चिपळी उचलून हलवून पाहिली. छन्न असा आवाज होताच रांगेतल्या चार काळ्या कोटांनी माना वळवल्या.

"इदेनु?" तिने विचारलं. हे काय आहे?

"चिपळ्या."

"हत्यार आहे का?"

"आहे," आप्पाजी कन्नडात म्हणाले. "काम, क्रोध, लोभ यांच्या विरुद्ध चालतं."

मागे उभ्या असलेल्या महांतेशने डोळे मिटून घेतले. मग पुढे होऊन तो म्हणाला, "मॅडम, भजनाचं सामान आहे. ठेवून घ्या. जाताना नेतो."

पोलीसबाईने चिपळ्या फळीवर दोन हेल्मेटांच्या मध्ये ठेवल्या. आप्पाजींनी तिकडे पाहून हात जोडले आणि ते आत गेले.

"कोर्टात चिपळ्या कशाला आणल्या, आप्पाजी?"

"वेळ आली तर असाव्यात."

"कसली वेळ?"

"ते वेळेलाच कळतं, महांतू."

आप्पाजी कुडचीकर एकाहत्तर वर्षांचे होते. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गिअर कारखान्यात चाळीस वर्षं घालवून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते, आणि त्याच चाळीस वर्षांत गल्लीच्या टोकाच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन करून बुवा झाले होते. महांतेश हुक्केरी अठराव्या वर्षी चिकोडीहून आला तो त्यांच्याच हाताखाली. लेथवर टूल कसं धरायचं ते त्याने आप्पाजींकडून घेतलं आणि पेटीवर सूर कसा धरायचा तेही. आता त्याचं पीण्यातच स्वतःचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. पेटी मात्र अजून आप्पाजींच्याच मागे.

खटला काकडआरतीचा होता. कार्तिकात महिनाभर पहाटे पाचला मंदिरात काकडा व्हायचा, आणि मंदिरावरच्या कर्ण्यातून तो तीन गल्ल्यांपर्यंत जायचा. सकाळी सहापर्यंत कर्णा लावायचा नाही असा कायदा आहे. तो कायदा आप्पाजींना माहीत होता. पण कायदा करणाऱ्यांना कार्तिक माहीत नसावा, असं त्यांचं मत होतं. या कार्तिकात कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढून पोलिसांना दिली. चित्रफितीत आप्पाजी माईकपाशी होते आणि महांतेश पेटी सोडून अॅम्प्लिफायरचं बटण फिरवत होता. म्हणून दोघांनाही समन्स. गुन्हा एकच, कलम एकच, तारीखही एकच.

तारीख नेमकी आजची. दुपारी चारला महांतेशच्या गौरीला बघायला निपाणीचे पाहुणे यायचे होते. तीन वर्षांत जुळत आलेलं हे पहिलंच स्थळ. मुलाने गौरीशी फोनवर बोलून होकार कळवला होता. उरलं होतं ते वडीलधाऱ्यांचं समोरासमोर बसणं.

कॉरिडॉरमध्ये त्यांची वकील निधी उभी होती. मूळची पुण्याची, कायदा शिकायला इथे आली आणि इथेच राहिली. मंदिराच्या भजनी मंडळातल्या कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत ती राहायची, म्हणून ही केस तिच्याकडे आली होती.

"काका, एकदम सिम्पल ठेवूया," ती आप्पाजींना म्हणाली. "जज विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही म्हणायचं, कबूल. बस. एकच शब्द."

"एका शब्दात कबूल होत नसतं, पोरी. त्याला आधी भूमिका बांधावी लागते."

"नाही बांधायची."

"मी थोडक्यात बांधीन. एकच कर्म, दोन जीव, आणि फळ..."

"काका. एक शब्द."

आप्पाजींनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे निधीला कळलं नाही. तिने महांतेशकडे पाहिलं. महांतेश तिला हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्या दोघांच्या केसी वेगवेगळ्या नाही का घेता येणार? आधी आप्पाजींची घ्या. ते घरी जातील. मग माझी."

"नाही हो, एकच चार्जशीट आहे."

"स्वल्प बघा की."

निधीने हातातल्या फाइलवर बोट आपटलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि महांतेशने आप्पाजींच्या पाठीमागून हात हलवताच मिटलं. आप्पाजी तेव्हा भिंतीवरची तारखांची यादी वाचत होते आणि एवढे सगळे लोक एका दिवसात कबूल व्हायचे म्हणजे यांना जेवायला वेळ मिळतो की नाही, याची काळजी करत होते.

"हे बघ महांतू," ते वळून म्हणाले, "मी सांगून टाकणार आहे. कर्णा माझा, काकडा माझा, आवाज माझा. पेटीवाल्याला सोडा. तू दीडपर्यंत घरी. पाहुण्यांच्या आधी दाढी करून घे, फार वाढलीय."

"सरी, आप्पाजी," महांतेशने होकार दिला. त्याने हनुवटीवरून हात फिरवला.

साडेबाराला पुकारा झाला. हॉल लहान होता, पंखा मोठा होता, आणि पंख्याच्या आवाजात सगळेच हळू बोलत होते. मॅजिस्ट्रेटबाई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी कन्नडातून आरोप वाचून दाखवला आणि चष्म्यावरून आप्पाजींकडे पाहिलं.

"कबूल आहे?"

आप्पाजींनी हात जोडले. घसा साफ केला. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा पाय अर्धी वीत पुढे आला.

"आई," ते म्हणाले, "देह मिळाला तो कशासाठी, असा प्रश्न आधी..."

"सुम्ने!" दारातला दफेदार खेकसला. गप्प!

निधीने मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं.

"कबूल," आप्पाजी म्हणाले. मग घाईघाईने, कुणी पुन्हा ओढायच्या आत, "आणि याचाही गुन्हा माझाच आहे. याला सोडा. हा नुसता पेटी वाजवतो."

"एकेकाचं बघू," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. "वय?"

"एकाहत्तर."

"याआधी कधी कोर्टात आला होतात?"

"कधीच नाही. देवाच्या दयेने."

त्यांनी काहीतरी लिहिलं. वय, पहिलाच गुन्हा, ताबडतोब दिलेली कबुली. ताकीद देऊन सोडण्यात येत आहे. पुन्हा असं करू नका. आप्पाजींनी निधीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. भूमिका अर्धीच बांधू दिली तरी काम झालं होतं.

मग महांतेशला विचारलं. तो म्हणाला, कबूल. एकाच शब्दात. निधीला असा अशील आवडत असावा, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. कारण सरकारी वकील उठून उभे राहिले होते.

"मॅडम, आरोपी क्रमांक दोन यांच्यावर याआधी दोन निकाल आहेत. गेल्या कार्तिकात आणि त्याच्या आदल्या कार्तिकात. तेच मंदिर, तीच वेळ. दोन्ही वेळा कबूल केलं, दंड भरला. गेल्या वर्षी लिहून दिलं की पुन्हा कर्णा लावणार नाही. प्रत जोडली आहे."

"खोटं आहे!" आप्पाजी म्हणाले.

सगळा हॉल त्यांच्याकडे वळला.

"तेव्हा पोलीस आले होते, मला माहीत आहे. पण काकडा ऐकून ते हात जोडून परत गेले! मी सांगतो ना! चमत्कार आहे तो. मी त्याच्यावर कीर्तन केलंय. रामनवमीला. लोक..."

त्यांचा आवाज मध्येच उतरला. ते महांतेशकडे पाहत राहिले. महांतेश समोरच्या लाकडी कठड्यावरचा एक खिळा अंगठ्याने दाबत होता, जणू तो वर आला आहे आणि आत बसवणं हेच आता तातडीचं काम आहे.

आप्पाजींनी तो प्रसंग किती वेळा सांगितला होता. दोन पोलीस नोटीस घेऊन देवळाच्या पायरीशी येतात. आत आरती टिपेला पोचलेली असते. त्यांचे हात आपोआप जुळतात, नोटीस खिशात जाते. इथे आप्पाजी थांबत. मग पेटीकडे हात करून म्हणत, विचारा आमच्या महांतेशला, तोच बाहेर गेला होता त्यांच्याशी बोलायला! आणि महांतेश मान खाली घालून पेटीवर एक लांब सूर धरी.

मॅजिस्ट्रेटबाईंनी पानं उलटली. "हुक्केरी, लिहून दिलं होतंत?"

"होय मॅडम."

"मग?"

"चुकलं."

"दंड. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. त्या बाकावर बसायचं. संध्याकाळी मी उठले की जायचं."

"आई!" आप्पाजी पुढे झाले. दफेदारही पुढे झाला. "मागचे दोन्ही गुन्हेसुद्धा माझेच आहेत."

"त्यांत तुमचं नाव नाही."

"मग आता घाला."

कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटबाईंचं पेन थांबलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुडचीकर, इथे लोक नाव काढून घ्यायला येतात."

"एकाच कामाला त्याला एक आणि मला एक, हा कुठला न्याय झाला?"

"गुन्हा दोघांचा एकच आहे," त्या म्हणाल्या. "पण शिक्षा माणसाला द्यायची असते, म्हणून माणूस बघावा लागतो. तुम्ही पहिल्यांदा आलात. हे तिसऱ्यांदा आले, आणि दिलेला शब्द मोडून आले. दोघांना सारखंच मोजलं तर तुमच्यावर अन्याय होईल. आणि ज्याने शब्द पाळला असता, त्याच्यावरही."

एकच कर्म आणि वेगळं फळ, या विषयाला आप्पाजींना पूर्वरंगातच पाऊण तास लागत असे. या बाईंनी आवाज न चढवता तो पाच-सहा वाक्यांत संपवला होता. नुसत्या सवयीने त्यांची मान दाद दिल्यासारखी डोलली. मग आपण कशाला दाद दिली ते ध्यानात येऊन ती थांबली.

"पण बाई, याच्या घरी आज..."

महांतेशने त्यांचं मनगट पकडलं. लेथवर तीस वर्षं काम केलेला हात होता तो.

"गौरीचं नाव इथं काढायचं नाही," तो मराठीत, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पोरीचं नाव कोर्टात नको."

आप्पाजी गप्प बसले. निधीने नंतर सांगितलं असतं की, तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर बाईंनी कदाचित ऐकलंही असतं. पण तिला ते वाक्य माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांतल्या एकाने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं.

पुढची केस पुकारली गेली. महांतेश भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला. आप्पाजी त्याच्या शेजारी बसायला लागले तेव्हा दफेदाराने बोट दाखवलं. हा बाक शिक्षा झालेल्यांचा. सुटलेल्यांचा तो, मागे. आप्पाजी मागच्या बाकाच्या अगदी टोकाला, महांतेशच्या खांद्यामागे बसले आणि पुढे वाकले.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"हळू."

"मी हळूच बोलतोय."

"तुमचं हळू तीन गल्ल्या जातं, आप्पाजी."

आप्पाजींनी तोंडावर उपरणं धरलं. "सांग."

महांतेशने मागे न पाहता सांगितलं. "पहिल्या वर्षी नोटीस आली तेव्हा काकू जाऊन बारा दिवस झाले होते. तुम्ही काकड्यापुरते उठायचा. बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी पोलिसांना म्हटलं, कर्णा माझा, अॅम्प्लिफायर माझा, नाव माझं लिहा. काकडा तेवढा महिनाभर होऊ द्या."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षापर्यंत तुम्ही त्याचं कीर्तन केलं होतं."

"मग?"

"मग काय! लोक रडले होते. मी पण रडलो होतो. आता तुम्हीच सांगा, मध्येच उठून काय सांगणार होतो?"

आप्पाजींनी उपरण्याने आधी कपाळ पुसलं, मग डोळे. पुढच्या केसमधला माणूस बिनपरवाना कोंबड्या नेत होता आणि त्या कोंबड्या आपल्या बहिणीच्या आहेत असं सांगत होता.

"लिहून दिलं होतंस तर कर्णा बंद का नाही केलास?"

"कमी केला होता. रोज स्वल्प स्वल्प बटण फिरवायचो. तुम्हाला वाटायचं तुमचा आवाज बसला. तुम्ही आणखी मोठ्याने म्हणायचा." महांतेशचे खांदे हलले. तो हसत होता. "त्या चित्रफितीत मी तेच करतोय. कमी."

"हे बाईंना सांग ना!"

"आता निकाल झाला."

"सुम्ने!" दफेदार म्हणाला.

ते पाच मिनिटं गप्प बसले. एवढा वेळ माणसांत बसून आप्पाजी गप्प राहिल्याचं महांतेशला आठवत नव्हतं. शेवटी त्यानेच मान किंचित वळवली.

"तुम्ही निघा. चारच्या आत घरी पोचा. बैठकीत कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. पाहुण्यांना सांगा, मशीन अडकलंय. अर्जंट डिलिव्हरी."

"खोटं सांगू?"

"मुलीचा बाप कैदेत आहे असं सांगणार आहात?"

"आणि दाढी?" आप्पाजींनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"दाढी इथं चालते."

आप्पाजी उठले. दारापाशी त्यांनी मॅजिस्ट्रेटबाईंना नमस्कार केला, तो त्यांनी पाहिला नाही. फाटकावर पोलीसबाईने मागून हाक मारली, "अज्जा, तुमचं ते छन्न छन्न!" पण आप्पाजी तोवर रस्ता ओलांडून मेट्रोच्या जिन्याकडे निघाले होते.

मेट्रोत त्यांना बसायला जागा मिळाली. समोर कानात इयरफोन घातलेला एक मुलगा उभा होता. आप्पाजी त्याच्याकडे पाहत तालीम करू लागले.

"मशीन अडकलंय. अर्जंट डिलिव्हरी."

मुलाने एक इयरफोन काढला. "क्या, अंकल?"

"काही नाही. मशीन अडकलंय."

"मेट्रो का?"

"नाही, नाही. मेट्रो ठीक आहे."

मुलाने तरीही एकदा काळजीने दाराच्या वरच्या दिव्यांकडे पाहिलं. आप्पाजींनी डोळे मिटले. दुसऱ्यांच्या गोष्टी सांगण्यात त्यांची हयात गेली होती. राजांच्या, ऋषींच्या, चोरांच्या. त्या खऱ्या की खोट्या असा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण सांगताना त्या खऱ्याच असत. हे एक चार शब्दांचं वाक्य मात्र जिभेवर ठरत नव्हतं.

दार महांतेशच्या बायकोने, शिवलीलाने उघडलं. तिने आप्पाजींच्या मागे जिन्यात पाहिलं. मग आणखी खाली पाहिलं.

"हे कुठं?"

"कोर्ट उठेपर्यंत बसवलंय."

तिने दाराची चौकट धरली. "का? तुम्हाला सोडलं आणि यांना का?"

"माझ्या सगळ्या पुण्याईचे पैसे तोच भरत होता, म्हणून," आप्पाजी म्हणाले. तिला ते कळलं नाही आणि समजावून सांगायला वेळ नव्हता. "पाहुण्यांना मशीन सांगायचंय."

"कोण सांगणार?"

"मी."

शिवलीलाने त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "तुम्हाला जमेल?"

"अगं, मी कीर्तनकार आहे."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि आत उप्पीट हलवायला गेली.

पाहुणे चारला पाच मिनिटं कमी असताना आले. दयानंद मगदूम निपाणीकडच्या एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. अजूनही ते खोलीत शिरताच आधी भिंतीवरचं घड्याळ आणि मग मनगटावरचं घड्याळ पाहत. सोबत त्यांची पत्नी कल्पना आणि मुलगा अभिमन्यू. तो व्हाइटफील्डला नोकरीला होता आणि सबंध शहर आडवं ओलांडून आल्याने घामाघूम झाला होता.

"आमची परतीची गाडी आठची आहे," मगदूम बसता बसता म्हणाले. "मुलीचे वडील?"

"मशीन अडकलंय," आप्पाजी म्हणाले. "अर्जंट डिलिव्हरी."

इथे थांबायला हवं होतं. पण खोलीत शांतता होती, तीन माणसं त्यांच्याकडे पाहत होती, आणि समोर माणसं बसली की आप्पाजींना थांबता येत नसे.

"म्हणजे असं," ते म्हणाले, "लेथ आहे. लेथला गिअरबॉक्स. गिअरबॉक्समध्ये गिअर. आता गिअरला दात किती? समजा चोवीस. तेवीस दात प्रामाणिक आहेत हो. आपापल्या वेळेला येतात, आपापलं काम करतात. पण चोविसावा तुटला! आता तुम्ही म्हणाल, चोविसांतला एक तुटला तर काय बिघडलं?"

"मी काही म्हटलं नाही," मगदूम म्हणाले.

"इथेच तर गंमत आहे!" आप्पाजींचा उजवा पाय पुढे आला. "त्या एका दाताची जागा आली की सबंध फेरा अडखळतो..."

गिअर दहा मिनिटं फिरला. अभिमन्यू कुतूहलाने ऐकत होता. कल्पनाबाईंनी एकदा हात जोडले, कुठे ते त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. स्वयंपाकघराच्या दारात शिवलीला आणि तिच्यामागे ट्रे घेतलेली गौरी खोळंबून उभ्या होत्या. शिवलीलाने दोनदा बांगड्या वाजवल्या. शेवटी चोविसावा दात बसवण्यासाठी महांतेशला स्वतः वर्कशॉपात थांबणं कसं भाग होतं तिथे येऊन आप्पाजी थांबले आणि त्यांनी उपरण्याने मान पुसली.

मगदूमांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बुवा, छान सांगता तुम्ही," ते म्हणाले. "पण मी साधा मास्तर माणूस आहे. मला यातून एवढंच कळलं की, ज्या दिवशी मुलीचं ठरायचं, त्या दिवशी बापाला मुलीपेक्षा गिअर मोठा वाटला."

"तसं नाही."

"मग कसं? आम्ही निपाणीहून आलो. हा व्हाइटफील्डहून आला. आणि ते पीण्याहून इथवर नाही? असल्या बापाला उद्या पोरीची आठवण राहील का, एवढंच मी विचारतो. रागावू नका."

गौरीने ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला, पण ती खाली पाहत राहिली. तिला खरं काय ते आईकडून कळलेलं होतं. आप्पाजींनी तिच्याकडे पाहिलं. ती लहान असताना कीर्तनात पेटीच्या मागे, बापाच्या मांडीला टेकून झोपायची.

शिवलीलाने दारातून मान हलवली. नको.

आप्पाजी उभे राहिले. या वेळी पाय पुढे आला नाही. दोन्ही पाय जोडलेले होते, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

"मशीन नाही अडकलं," ते म्हणाले. "महांतेश कोर्टात आहे. शिक्षा भोगतोय."

कल्पनाबाईंनी पदर सावरला. अभिमन्यूने चटकन गौरीकडे पाहिलं. मगदूमांचा चेहरा शाळेतल्या तक्रारी ऐकताना होत असेल तसा झाला.

"शिक्षा? कसली?"

आप्पाजींना त्याचं उत्तर येत होतं. पूर्वरंग होता, उत्तररंग होता, मधे बुक्का लावायची जागाही होती. बायको जाऊन झालेले बारा दिवस, पायरीवरचे दोन पोलीस, रामनवमीला रडलेले लोक, रोज स्वल्प स्वल्प फिरणारं बटण. खोलीतली सगळी माणसं वाट पाहत होती.

"माझी," ते म्हणाले.

आणि खाली बसले.

गौरी आईला ओलांडून ट्रे घेऊन सोफ्यापाशी आली. बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. मगदूम सोफ्यावरून थोडे पुढे सरकले, तेव्हा शिवलीलाला वाटलं, आता ते उठणार. पण त्यांनी हात लांब करून गौरीच्या ट्रेमधली उप्पीटाची बशी उचलली, ती आप्पाजींच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःसाठी घेतली. मनगटावरचं घड्याळ त्यांनी सोडवून पुढ्यात, टीपॉयवर ठेवलं.

"कोर्ट उठतं किती वाजता?" त्यांनी विचारलं.